धुमेचा बास

आमच्या घरात भुताखेतांवर विश्वास नसणं हा नुसता स्वभाव नव्हता, तो घरचा नियम होता. आजोबांनी धम्म घेतला त्याच आठवड्यात गंडे, ताईत, अंगाऱ्याच्या पुड्या असं सगळं गाठोड्यात बांधून ते गावाबाहेरच्या खदानीत टाकून आले. तेव्हापासून आमच्याकडे कुणाच्या अंगात आलं नाही की कुणाला काही दिसलं नाही. मी तर त्याच्याही पुढचा! ऑफिसात कुणी अमावास्येचं काही सांगायला लागलं की वाद घालून त्याचा चहा गार करणारा माणूस. त्यामुळे हे वाचून माझे जुने सहकारी पोट धरून हसणार आहेत. हसू द्या... पण शेवटपर्यंत वाचा एवढंच म्हणणं आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झालेला. मी कलेक्टर कचेरीत क्लार्क, टंचाई शाखेत. खुर्च्या नव्या, शिक्के नवे, पाट्या नव्या — आणि पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी गायब. दिवसभर टँकरच्या खेपांचे कागद करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्याच गल्लीत टँकर आला का ते विचारायचं. औसा रोडला एका मास्तरांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहायचो, मी आणि माय. बाबा जाऊन आठ वर्षं झाली होती. आमचं गाव चाकूरजवळचं, पण नोकरी लागल्यावर मायला मी लातूरला घेऊन आलो होतो.

त्या उन्हाळ्यात एकदा टँकर आला, हॉर्न वाजवून वाजवून निघूनही गेला, आणि माय दारातच ज्वारी निवडत बसलेली. घागरी रिकाम्या. मी चिडलो. ती म्हणाली, "आला कधी? मला कुठं आयकू आला!" हॉर्न तिच्यापासून वीस पावलांवर वाजला होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की गेले कित्येक महिने ती माझ्या तोंडाकडे बघून बोलते, आणि मी पाठमोरा असलो की उत्तरच देत नाही.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. नस सुकत चाललीय, म्हणाले. इलाज नाही. "बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज शेवटी. सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा... मग काहीच राहणार नाही." दवाखान्याच्या पायऱ्यांवर माय मला म्हणाली, "कशाला तोंड पाडतो? आजवर लोकायचं लई आयकलं." आणि हसली. मला मात्र एकच गोष्ट आठवत होती. कॅसेट.

बाबा ढोलकी वाजवायचे. तुळशीरामकाकांच्या गायन पार्टीत — काका गायचे, बाबा ढोलकीवर. जयंतीच्या दिवसांत महिना महिना घरी नसायचे. आणि बाबांची धुम म्हणजे काय सांगू! ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : ढोलकीच्या उजव्या तोंडाला शाई असते, तिथून टणक बारीक बोल निघतात. डावं तोंड म्हणजे धुम. तिला आतून एरंडेल तेलात कालवलेला मसाला लावतात, म्हणून ती घुमते. बाबा तळहाताची कड दाबून धुम अशी ओढायचे की ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडायचा. लोक म्हणायचे, गाणं तुळशीरामचं आणि घुमणं सखारामचं.

त्यांच्या वाजवण्याची एकच कॅसेट होती. अहमदपूरकडच्या एका गावात कार्यक्रम झाला, तिथल्या एका गुरुजींनी भरून घेतलेली. मी तेव्हा नववीत, लातूरच्या वसतिगृहात. त्यानंतर पाच महिन्यांत बाबा काविळीनं गेले. माझ्याकडे एक तळहाताएवढ्या स्पीकरचा टेपरेकॉर्डर होता. त्यावर काकांचा आवाज यायचा, टाळ्या यायच्या, बाबांची टक-टक, टकटक-टक अशी बोटं यायची... पण धुम यायची नाही. एवढ्याशा स्पीकरातून येणार कशी? जाड आवाजाला हवा ढकलावी लागते, हवा ढकलायला मोठा पडदा लागतो. हे मला रेडिओच्या मासिकांतून ठाऊक होतं.

आता जोडा बघू. मायचे जाड आवाज अजून शाबूत. बाबांची धुम म्हणजे जाडातला जाड आवाज. मला एवढंच करायचं होतं — तिचे कान पूर्ण मिटायच्या आधी असा एक सेट आणायचा, जो ती धुम बाहेर काढेल. तिला एकदा, फक्त एकदा, नवऱ्याचा हात ऐकवायचा. मी इतका पेटलो होतो की त्या रात्री मला झोपच आली नाही.

मायला सांगितलं तर ती खुश होईल असं वाटलं होतं. मी तिच्या डाव्या कानाशी ओरडून सांगितलं, "बाबाची ढोलकी आयकवतो तुला!" ती भाकरी थापत होती. तिचा हात परातीत थांबला. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कशाला पैसा घालतो." मला वाटलं, आठवणीनं गलबलली असेल. मी कसला ऐकतोय!

बजेट म्हणाल तर बेताचं. शोरूममधले चकचकीत परदेशी सेट काचेतूनच बघायचे. आपल्याला असेंबल सेट हवा — अँप्लिफायर आणि डेक एकीकडून, वूफर दुसरीकडून, खोकं सुताराकडून. यातही लोक फसतात. दुकानदार वॉट सांगतो, आपण माना डोलावतो. अहो, वॉट म्हणजे नुसता दांडगेपणा! दहा बाय बाराच्या खोलीत वॉट घेऊन काय भिंत पाडायचीय? बास येतो तो वूफरच्या रुंदीतून आणि खोक्याच्या पोकळीतून. खोकं पातळ असलं की वूफर कितीही भारी घ्या, फळीच कोकलते. म्हणून खोक्यावर आधी बोटानं वाजवून बघावं.

माझी परीक्षा ठरलेली होती. पहिल्या दुकानात, गंजगोलाईत, मी खोक्यावर पाण्याचा पेला ठेवायला निघालो — लाटा किती उठतात ते बघायला. दुकानदार ओरडलाच, "ओ साहेब, पानी काय खेळायला हाय का? इथं प्यायला न्हाई!" त्याचं बरोबर होतं. टंचाई शाखेच्या माणसानं तरी असलं करू नये. मग मी खिशात ज्वारीचे दाणे ठेवायला लागलो. वूफरसमोर पुठ्ठा आडवा धरायचा, त्यावर पाच दाणे, गाणं लावायचं आणि दाणे किती उडतात ते बघायचं. लोक मला येडा समजून बघायचे.

मायला मी बरोबर न्यायचो, कारण शेवटी ऐकायचं तिला होतं. आणि तिथं गंमत व्हायची. दुकानदार मोठ्यांदा सांगायचा, "मावशी, याला बास बघा बास! लई बास येतो!" मायला त्यातला 'बास' तेवढा कळायचा. आणि आमच्याकडे बास येणं म्हणजे वास येणं. ती उठायची, खोक्यापाशी जायची, जाळीला नाक लावून हुंगायची आणि गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "येतो. रंगाचा येतो." दुकानदार बघतच राहायचा. एका ठिकाणी म्हणाली, "हितं उंदीर मेलाय." तो माणूस बिचारा खरंच खोकं उलटं करून बघायला लागला! मी हसून हसून बेजार. दोनदा समजावलं तिला, मग म्हटलं राहू दे. दाण्यांची परीक्षा माझी, नाकाची तिची.

लातुरात पाच दुकानं झाली, दाणे काही मनासारखे उडेनात. तेव्हा कुणीतरी सांगितलं, नांदेडला वजिराबादेत एक बशीरभाई म्हणून कारागीर आहे, त्याच्याकडे जा. रविवारी सकाळची एसटी धरली. चाकूर, अहमदपूर, लोहा... बाहेर शेतं उघडीबोडकी, नाल्यांत नुसते दगड. माय खिडकीतून सगळं बघत होती आणि मी वहीत वूफरची मापं लिहून राहिलो होतो.

बशीरभाईंचं दुकान म्हणजे अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना छतापर्यंत स्पीकर. माणूस शांत, दाढी पिकलेली, कानात अत्तराचा फाया. मी काय हवंय ते सांगितलं. कॅसेटचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, एक गोष्ट ध्यानात ठेवा. मशीन कुछ पैदा नही करती. कॅसेटमधी जे भरलंय तेच भाईर येनार. भरलंच नसंल तर हजार वॉट लावा."

"भरलंय हो," मी म्हणालो. "माझा बाप वाजवतोय त्यात."

त्यांनी दोन जोड्या लावून दाखवल्या. दुसरी तर झकास होती, दाणे टुणकन उडून बाहेर पडले! मी घ्यायचं ठरवलं, आणि वळून बघतो तर माय जागेवर नाही. ती बोळाच्या टोकाला, अंधाऱ्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसली होती. तिथं गोणपाटाखाली एक खोकं होतं. तिनं गोणपाट बाजूला केलं होतं आणि जाळीला नाक लावून ती डोळे मिटून बसली होती.

"अम्मा, ते न्हाई जी," बशीरभाई म्हणाले. "ते गिऱ्हाइकानं ऑर्डर देऊन नेलंच न्हाई. वूफर बी हलका हाय त्याच्यात. तुमच्या कामाचं न्हाई."

माय उठेना. मी जवळ गेलो तर माझा हात धरून म्हणाली, "मिल्या, याला बास हाय."

"कशाचा?"

"धुमेचा."

मी वाकून हुंगलं. आणि वाचकहो, मला तो वास आला. एरंडेल आणि राळ, त्यात कातड्याचा थोडा कुबट वास... लहानपणी बाबा अंगणात ढोलकी खोलून मसाला लावायचे, अगदी तोच. बशीरभाईंनी हुंगलं, त्यांना फक्त धूळ आली. त्यांनी मागची फळी खोलून दाखवली — नवी फळी, सरस, कापसाचा थर आणि नेहमीचा वूफर. तेलाचा थेंब नाही. ते म्हणाले, "दुसरं घ्या साहेब, ईमानदारीनं सांगतो." पडून राहिलेला माल आपणहून खपत असताना गिऱ्हाइकाला नको म्हणणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता.

मी दाण्यांची परीक्षा घेतली. पाचातले दोन दाणे जेमतेम हलले. सगळं डोकं सांगत होतं की ते दुसरं घे. पण मायनं खोक्यावर हात ठेवला होता आणि ती तो काढत नव्हती. ऐकायचं तिला आहे, म्हटलं, आणि तेच बांधून घेतलं. येताना एसटीत ते खोकं मांडीवर घेऊन बसली ती. मी मनातून खट्टू होतो, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर आलो. लाईट होती. तारा जोडल्या, बासचं बटण पूर्ण फिरवलं, मायला खोक्यासमोर पाटावर बसवलं आणि कॅसेट लावली. खरखर... टाळ्या... तुळशीरामकाकांचा आलाप... बाबांची टक-टक, टकटक-टक. आणि मग —

धुम आली!

अहो, आली म्हणजे काय, खोली भरून आली! काकांनी ओळ सोडली आणि खालून ती घूं करत वर उचलली गेली, बाबांच्या तळहाताच्या कडेनं ओढलेली, तीच पोटात खड्डा पाडणारी. फळीवरच्या ताटल्या थरथरायला लागल्या. पुठ्ठ्यावरचे दाणे उडून परातीत पडले. मी लहान पोरासारखा नाचायला लागलो, "आली! माय, आली!" घरमालकीण काकू मागच्या दारातून ओरडत आल्या, "मिलिंद, अरे आमची भांडी पडतील!" आणि आत येऊन पाच मिनिटं त्याच ऐकत उभ्या राहिल्या.

मी मायकडे बघितलं. ती रडत होती, पण मला अपेक्षा होती तशी नाही. घाबरल्यासारखी दिसत होती. दोन्ही तळवे खोक्यावर दाबून ती म्हणाली, "त्योच हाय." मग पुन्हा म्हणाली, "त्योच हाय रे..."

पुढचा सव्वा महिना रोज लाईट असेल तेव्हा कॅसेट वाजायची. त्या हलक्या वूफरमधून एवढा बास! मी ऑफिसात सगळ्यांना बोलावून बोलावून सांगितलं. बशीरभाईंना तर पत्र टाकलं, की तुमची पारख चुकली, माझ्या आईचं नाक जिंकलं. दुसऱ्या कॅसेटी लावल्या की सेट साधाच वाजायचा, ठीकठाक. ही एकच कॅसेट घुमायची. मी म्हटलं, रेकॉर्डिंगच तसं असेल. गुरुजींनी माईक ढोलकीच्या डाव्या अंगाला ठेवला असेल... कारणं काय, मला दहा सुचायची.

मग एका बुधवारी तुळशीरामकाका कचेरीत आले. ते देवणीला स्थायिक झालेले, वस्तीला टँकर सुरू करावा म्हणून अर्ज घेऊन आले होते. "जय भीम काका!" मी उडालोच. अर्ज टेबलावर ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांना ओढत घरी आणलं. मायनं भाकरी टाकायला घेतली. मी म्हणालो, "काका, आधी हे आयका."

काका थकले होते, पण स्वतःचा तरणा आवाज ऐकून त्यांचा चेहरा फुलला. मांडीवर ताल धरला. धुम आली तशी त्यांनी मान डोलावली, "वा सखाराम..." आणि मग ताल धरलेला हात थांबला. त्यांनी मला मशीन बंद करायला लावलं.

"हा कोनता कार्यक्रम?"

मी गाव सांगितलं. गुरुजींचं नाव सांगितलं.

"ही धुम कुठनं आली?"

"कॅसेटमधली. बाबा वाजवून राहिले ना."

"त्या दिवशी ढोलकी न्हवती, बाळा." काका माझ्याकडे बघत म्हणाले. "तुझा बाप रिकाम्या हातानं आला. वाटंत धुम फुटली म्हनला. मग गोड्या तेलाचा एक रिकामा डबा घेतला आन त्याच्यावर वाजवलं आख्खा कार्यक्रम. ही जी टक-टक हाय ना, ही त्या डब्याची हाय. मी शेजारी हुभा होतो. लोकायला लई आवडलं बी ते..."

मी म्हणालो, मग कुणीतरी दुसऱ्यानं ढोलकी वाजवली असेल. काका नुसते मान हलवत राहिले. "त्या गावात दुसरी ढोलकीच न्हवती. आन हात त्याचाच हाय. मी काय वळखत न्हाई व्हय?" त्यांनी पाणी मागितलं, अर्धा पेला प्याले आणि उरलेलं जपून झाकून ठेवलं.

माय भाकरीची टोपली घेऊन दारात उभी होती. तिला काही ऐकू गेलं नव्हतं, पण आमचे चेहरे तिनं वाचले असावेत. मला म्हणाली, "काय म्हनतेत?" मी तिच्या कानाशी ओरडलो, "काका म्हनतेत, त्या दिवशी ढोलकीच न्हवती! डबा होता!"

तिनं टोपली खाली ठेवली. काकांसमोर बसली. आणि म्हणाली, "हाव. न्हवती. मीच चिरली ती."

ती सांगत गेली. कुणाकडे न बघता, स्वतःला ऐकू येत नसल्यानं थोडं मोठ्यानंच. "ह्यो हॉस्टेलात तापानं पडला व्हता. निरोप आला. मी म्हनलं, चला लातूरला. ते म्हनले, तुळशीरामला शब्द दिलाय, कार्यक्रम करून उद्या जातो. मला लई राग आला. माझं लेकरू तिकडं फनफनून राहिलं आन यायला गानी सुचतेत! ते आंघोळीला गेले तवा विळीनं धुम उभी फाडली मी. भाईर आले, बघितलं. मला वाटलं मारतेल. न्हाई मारलं. बोलले बी न्हाई. तशेच निघून गेले... परत नवी धुम घातली न्हाई त्यायनं. पाच महिन्यांत गेले. त्यायनं कुनालाच सांगितलं न्हाई ना भाऊजी? वाटंत फुटली म्हनले?"

काकांनी होकारार्थी मान डोलावली.

"मला बी कधी एका शब्दानं बोलले न्हाई," माय म्हणाली. "बोलले असते तर बरं झालं असतं."

मला तो ताप आठवत होता. आणि बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वसतिगृहात आले होते तेही आठवत होतं — त्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाले होते, काही नाही, पत्रा लागला. पण हे मायच्या कानाशी ओरडून सांगायची गोष्ट नव्हती. आठ वर्षं ही बाई हे एकटी वागवत होती, आणि मी तिला दुकानादुकानांतून फिरवून ते ऐकायला लावत होतो. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

काका गेले. जाताना मायच्या पायाला हात लावून गेले, वयानं मोठे असून. ऑफिस सुटल्यावर मी कॅसेट घेऊन तडक सहकारी कुलकर्ण्यांच्या घरी गेलो. त्यांच्याकडे मेव्हण्यानं परदेशातून आणलेला भारी डेक होता. लावली. काकांचा आवाज काय स्वच्छ! टाळ्या काय स्वच्छ! आणि बाबांची बोटं... खरंच डबाच तो. पत्र्याचा आवाज एवढा उघड होता की आजवर मला कळला कसा नाही? धुम मात्र कुठंच नव्हती. कुलकर्ण्यांनी बास पूर्ण वाढवला तर नुसती पंख्यासारखी घरघर आली.

पळत घरी आलो. आपल्या सेटवर लावली. टक-टक, टकटक-टक. डबा. दाणे पुठ्ठ्यावर गप्प पडून. मी तारा काढल्या, परत जोडल्या, मागची फळी खोलली, वूफर दाबून बघितला. हुंगलं. कापसाचा आणि धुळीचा वास. घरमालकीण काकू दारात येऊन विचारून गेल्या, "आज भांडी का नाही वाजत रे?" म्हणजे त्यांनीही ती ऐकली होती, महिनाभर... हे मला भास झाला म्हणणाऱ्यांसाठी लिहितोय.

नंतर बशीरभाईंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, मी चाळीस साल हेच करतो. जे भरलं न्हाई ते येत न्हाई." मग म्हणाले, "तुम्ही खोटं बोलता असं बी म्हनत न्हाई." इंजिनिअर झालेल्या मित्रांनी रेझोनन्स म्हणून सांगितलं, लोडशेडिंगमुळे व्होल्टेज हलतं म्हणून सांगितलं. एकानं तर दोन तास कागदावर आकृत्या काढल्या. पण त्या दहा इंची हलक्या वूफरनं माझ्या बापाचा हात कुठून आणला, हे कुणी सांगत नाही. मलाही ठाऊक नाही. मी आजही काही मानत नाही. पण अमावास्येचं कुणी सांगायला लागलं, तर आता त्याचा चहा गार होऊ देत नाही.

त्या संध्याकाळचं तेवढं सांगायचं राहिलं. मी खोकं उघडं टाकून, हातात पेचकस घेऊन जमिनीवर बसलो होतो. कॅसेट चालूच होती. माय समोर पाटावर होती. पत्र्याचे बारीक बोल तिच्या कानांनी कधीच सोडले होते, त्यामुळे तिच्यासाठी खोलीत काहीच वाजत नव्हतं. तिनं खोक्यावर तळवा ठेवून बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"गेली?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

"मग डबा वाजतोय का?"

"हाव."

"म्हंजे त्या दिवशी जे वाजवलं त्येच." ती थोडी पुढे सरकली आणि तिनं हात माझ्यापुढे धरला. "मला त्यातलं कायबी ठाव न्हाई. ते काय वाजवून आले, मी कधी इचारलंच न्हाई. दाव बघू."

मी पेचकस खाली ठेवला. कॅसेट सुरुवातीला नेली. तिचा तळवा माझ्या डाव्या हातावर घेतला आणि टाळ्यांनंतर बाबांची बोटं सुरू झाली, तशी उजव्या हाताच्या बोटांनी त्यावर वाजवत गेलो. टक-टक, टकटक-टक. मला ढोलकी कधी आली नाही, मी दोनदा चुकलोही. ती डोळे मिटून बसली होती. कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत तिनं हात काढला नाही.